टेपेबाहेरचे तीन इंच

मला शिवणीत जादा कापड सोडायला आवडत नाही. गिऱ्हाईक आज जसं आहे तसा त्याच्या अंगावर कपडा बसला पाहिजे, हे माझं मत, आणि ते मी कुणी न विचारताही सांगते. माझ्या नणंदेचं मत बरोबर उलटं. ती कापायला उभी राहिली की प्रत्येक शिवणीच्या आत एक इंच माया सोडणारच. माणूस सुटतो, वाळतो, उद्या कपडा उसवून सैल करता आला पाहिजे, असं तिचं म्हणणं. या एका इंचावरून आमची अकरा वर्षं भांडणं चालली आहेत. त्यातली पाच वर्षं माझा नवरा, म्हणजे तिचा भाऊ, मधे पडायचा. तो गेल्यापासून गेली सहा वर्षं आम्ही कुणाच्याही मध्यस्थीशिवाय भांडतो.

ती माझ्याच वयाची, पण नवऱ्याची बहीण म्हणून मी तिला ताई म्हणते. बाकी सगळे मास्तर म्हणतात. सकाळी सात ते अकरा ती गणवेशांच्या कारखान्यात कापणी करते, आणि कापणाऱ्याला तिथे पूर्वीपासून मास्तरच म्हणतात. बाई आली म्हणून नवा शब्द शोधायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. अकरानंतर ती आमच्या दुकानात येते. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली, मागे आम्हा दोघींची राहायची दुसरी. मी मापं घेते, शिवते आणि गिऱ्हाइकांशी वाद घालते. ती कापते आणि गप्प असते.

ही जागा महिनाअखेर सोडायची होती. मालक इमारत पाडणार होता. आणि मी घर शोधलं होतं! दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, आणि समोरच्या खोलीला उत्तरेकडे भिंतभर खिडकी. पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा मी पर्समधून काळा आणि गडद निळा असे दोन रिळांचे दोरे काढले आणि खिडकीशी धरले. संध्याकाळचे पाच वाजले होते, तरी दोन्ही रंग वेगळे दिसले. जिन्याखाली मला भर दुपारी दिवा लावूनही ते ओळखू येत नाहीत, आणि एका साहेबांची काळी पँट मी निळ्या दोऱ्याने शिवलेली आहे. घराचा मालक निवृत्त घड्याळजी होता. माझे दोरे बघून तो म्हणाला, याच खिडकीत बसून मी चाळीस वर्षं मनगटी घड्याळं उघडली. मी त्याच क्षणी घर घेऊन टाकलं. पैसे तेवढे नव्हते.

मग बँक. तिथे कर्जाच्या टेबलावर एक चष्मेवाली बसायची. हुशार मुलगी, आणि समजावून सांगायची तिला मनापासून हौस. तिने मला सांगितलं की व्याजाचे दोन प्रकार असतात. एक बांधलेला, साडेनऊ टक्के, तो हलत नाही. दुसरा बदलता, आज साडेआठ, तो बाजाराप्रमाणे वरखाली होतो. बदलता वर गेला तर काय होतं हेही तिने बराच वेळ समजावलं. पण तिच्या कोटाच्या डाव्या बाहीचं अस्तर बोटभर खाली लोंबत होतं आणि माझं सगळं लक्ष तिथे. ती बोलत होती, मी मान हलवत होते आणि मनात टाके घालत होते. शेवटी मी म्हटलं, स्वस्तातला द्या.

वीस लाख, वीस वर्षं, हप्ता सतरा हजार तीनशे छप्पन्न. माझ्या कमाईच्या निम्म्यापर्यंतच हप्ता बसवायचा असा बँकेचा नियम होता, आणि मी त्या निम्म्याच्या काठापर्यंत कर्ज घेतलं. एक पैसा मागे ठेवला नाही. माझ्या मते ते अगदी मापात बसलं होतं.

त्यानंतर महिनाभर मी जमिनीवर नव्हते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तशी गत. बटणं लावायला आलेल्यालाही मी सांगायचे, माझं घर होतंय, माझ्या घराला अशी खिडकी आहे, माझ्या घरात शिलाई मशीन इथे आणि इस्त्री तिथे. ताई ऐकायची आणि खडूने रेघा ओढायची.

सह्या शुक्रवारी दुपारी चारला ठरल्या होत्या. घड्याळजीकडे रोख घेऊन दुसरं गिऱ्हाईक तयार होतं, आणि घड्याळजीने मला स्पष्ट सांगितलं होतं की चार म्हणजे चार.

त्याच शुक्रवारी सकाळी दहाला चष्मेवालीचा फोन आला. आजपासून दर पाव टक्क्याने वाढला, म्हणाली. आता पावणेनऊ. हप्ता वाढवू की मुदत?

"पाव ना?" मी म्हटलं. "पाव तर शिवणीतसुद्धा जातो. हप्त्याला हात लावायचा नाही."

ती पुढे काहीतरी विचारायला लागली होती, पण माझ्यासमोर एक बाई अर्धवट माप देऊन हात वर करून उभी होती. मी फोन ठेवला. मला स्वतःचं कौतुक वाटलं. बँकेला एका वाक्यात गप्प केलं होतं.

ताई अकराला आली. मी तिला मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. तिने पिशवी खुंटीला लावली, कात्री हातात घेतली आणि परत खाली ठेवली.

"मग पाव गेला कुठे?"

"कुठे म्हणजे? गेला."

"कापड कुठे जात नाही, वहिनी. एका बाजूने दाबलंस तर दुसरीकडे फुगतं. त्यांना विचार, कुठे फुगलं."

मला तिचा असा राग आला की बोलता सोय नाही. आजच्या दिवशी तरी हिने माया माया करू नये. पण प्रश्न डोक्यात शिरला तो शिरलाच. एक वाजेपर्यंत दोन शिवणी उलट्या मारल्या, तेव्हा मी मशीन थांबवलं आणि फोन लावला. कापायच्या टेबलावर फोन मोठ्या आवाजात ठेवला, ताई पलीकडे उभी.

चष्मेवाली शांतपणे म्हणाली की हप्ता तोच ठेवला म्हणून मुदत वाढली. आधी दोनशे चाळीस हप्ते होते, आता दोनशे बावन्न होतात.

दोनशे चाळीस ऐकताना माझा हात सवयीने गळ्यातल्या टेपेवर होता. टेप साठ इंचांची. इंचाला चार पाव. साठ चोक दोनशे चाळीस. माझ्या अंगावर काटाच आला. वीस वर्षांचा प्रत्येक महिना माझ्या गळ्यात लटकत होता, एकेक पाव इंचाचा! मी टेप काढून टेबलावर सरळ ताणली आणि ताईला म्हटलं, हे बघ, हे आपलं कर्ज. इथे आज, आणि या पितळी टोकाला मी चौसष्ट वर्षांची. ताईने एकदा टेपेकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. तिला ते लगेच कळलं. आम्हा दोघींना इंचातलं सगळं लगेच कळतं.

"बारा खुणा वाढल्या," ती म्हणाली. टेप तर संपली होती. तिने खडू घेतला आणि पितळी टोकाच्या पुढे लाकडावरच तीन इंच रेघ ओढली.

तीन इंच म्हणजे वर्ष. पाव टक्क्याला अख्खं वर्ष! मी चष्मेवालीला म्हटलं, तुमच्या यंत्रात काहीतरी चुकतंय, पावाला एवढं कसं होईल? ती जणू मी हा प्रश्न विचारायचीच वाट बघत होती. ती म्हणाली, तुमच्या सतरा हजारांतले चौदा हजार एकशे सदुसष्ट पहिल्या महिन्यात नुसत्या व्याजाला जातात. मुद्दल उतरतं ते उरलेल्या तीन हजारांनी. वीस लाखांवर पाव टक्का म्हणजे महिन्याला चारशे सतरा, आणि ते जातात त्या तीन हजारांतून, सतरातून नव्हे.

त्या दिवशी बाहीकडे बघण्याऐवजी तोंडाकडे बघितलं असतं तर हे मला महिनाभर आधी कळलं असतं. पण आता कळलं आणि ते इतकं लख्ख कळलं की मला थांबवेना. मी विचारत सुटले. दर पावाने उतरला तर? दोनशे एकोणतीस, ती म्हणाली. ताईने टेप टोकाकडून अकरा खुणा आत दुमडली. आम्ही दोघी हसलो. आणि पूर्ण एक टक्का चढला तर? पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. तीनशे नऊ. ताईने एकोणसत्तर खुणा मोजल्या, सतरा इंचांच्या वर, आणि तिचा खडू इस्त्रीच्या पायाशी जाऊन थांबला. तिथे मी सत्तरीची होते आणि अजून बटणं लावत होते.

"पण तेवढं होणारच नाही," चष्मेवाली म्हणाली. मला बरं वाटलं, ते एक क्षणभर. "तुमचं कर्ज पासष्टाव्या वर्षी संपलंच पाहिजे. आजच्या वाढीने ते पासष्टाला टेकलं. पुढच्या वेळी दर चढला की मुदत वाढणार नाही, हप्ताच वाढेल. आणि तुमचा हप्ता तर आधीच निम्म्याला टेकलेला आहे."

लांबीला माया नाही, रुंदीला माया नाही. असा कपडा मी स्वतःसाठी शिवत होते, आणि तो घालून वीस वर्षं वाकायचं होतं, बसायचं होतं.

मी विचारलं, मुदत वीसच ठेवून आज हप्ता वाढवला तर किती? सतरा हजार सहाशे चौऱ्याहत्तर. म्हणजे तीनशे अठरा जास्त. दोन पँटी खालून दुमडून दिल्या की मला एवढे मिळतात. महिन्याला दोन पँटी वाचवायला मी वर्षभराचे हप्ते, दोन लाखांवर रक्कम, बँकेला द्यायला निघाले होते, तेही ऐटीत. मी म्हटलं, वाढवा हप्ता, आत्ता वाढवा.

"वाढवता येत नाही," ती म्हणाली. "तुमच्या एकटीच्या कमाईवर तो तीनशे अठराने नियमाबाहेर जातो. आणि खरं सांगू का, मला फक्त आजच्या वाढीची काळजी नाही. मागे एकदा वर्षभरात दर अडीच टक्के चढला होता. आजचा पाव धरून तसं झालं तर हप्ता वीस हजार सहाशे होईल. तेवढा झेपणार असेल तरच हा बदलता दर घ्यावा. घरात आणखी कुणाची पगाराची पावती आहे का?"

मी टेबलावरचे कापडाचे तुकडे गोळा करायला लागले. मला हा प्रश्न कळला नाही, असं मी स्वतःलाच दाखवत होते. पावती खुंटीवरच्या पिशवीत होती. कारखान्यात शुक्रवारी पगार होतो.

"माझी आहे," ताई फोनकडे बघून म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पण पावती लागली तर सही लागेल, वहिनी. आणि सही केली तर नावही लागेल. घरावर. तू बघ."

आता खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा मला रागच आला. घर मी शोधलं, दोरे मी धरले, बँकेच्या खेपा मी घातल्या. क्षणभर असंही मनात आलं की हिने बरोबर वेळ साधली. आणि मग मला महिनाभराची माझीच बडबड आठवली. माझं घर, माझी खिडकी, माझी इस्त्री. त्या घरात ताई कुठे बसेल हे मी एकदाही कुणाला सांगितलं नव्हतं. ती माझ्याबरोबर येणार हे मी धरून चालले होते, कात्री आणि टेबल येणार तसंच. मला इतकी लाज वाटली की हातातले तुकडे पुन्हा खाली पडले.

"तुझं नाव आधीच असायला हवं होतं," मी म्हटलं.

"आधीचं सोड. दोन वाजायला आलेत," ती म्हणाली आणि पिशवी खुंटीवरून काढली.

आम्ही दुकानाला कुलूप लावलं आणि निघालो. निघालो म्हणजे पळालो. ताई कधी पळत नाही, पण त्या दिवशी तिने मला चौकात मागे टाकलं. वाटेत मी धापा टाकत तिला सांगत होते की दर उतरला तरी हप्ता खाली आणायचा नाही, तोच भरत राहायचा, म्हणजे टेप आखडत जाईल, आणि जास्तीचं काम मिळालं की एखादा हप्ता वरून टाकायचा. ती म्हणाली, आधी रस्ता बघ. मला रस्ता दिसत नव्हता. दोन पगार, वीस हजार सहाशेपर्यंत झेपणारा हप्ता, आणि पासष्टाच्या अलीकडे एक पूर्ण वर्ष मोकळं! कर्जाला दोन्ही बाजूंनी एकेक इंच सुटला होता, आणि तोही सोडायला लावला होता हिनेच. अकरा वर्षांचं भांडण मी भर रस्त्यात हरले आणि मला नाचावंसं वाटत होतं.

बँकेत घड्याळजी आधीच येऊन बसला होता. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. आम्हाला बघताच त्याने सांगितलं की हे दोन मिनिटं मागे आहे, तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी वेळ आहे. चष्मेवालीने पावती घेतली, मागच्या पावत्या मागितल्या. ताईने त्या दुमडलेल्या चिंधीतून काढल्या, तीन वर्षांच्या, तारखांच्या क्रमाने लावलेल्या. बँकेच्या साहेबांच्या खोलीत कागद गेले. आम्ही बाकावर बसलो. दारामागून कुणाचा तरी हसण्याचा आवाज आला आणि मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. इथे आमच्या वीस वर्षांचा प्रश्न होता.

साडेतीनला साहेब बाहेर आले. त्यांनी ताईला विचारलं, दर चढला की हप्ता चढेल, हे माहीत आहे ना? मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनेच उत्तर दिलं. एवढी लांबलचक वाक्यं मी तिच्या तोंडून क्वचितच ऐकली आहेत. ती म्हणाली, दर आमच्या हातात नाही. गिऱ्हाइकाचं पोटही आमच्या हातात नसतं. आमच्या हातात एवढंच की कापताना जागा ठेवायची, आणि ती आम्ही ठेवली आहे. साहेबांना पोटाचं काय ते कळलं नसावं, पण त्यांनी सही केली.

चष्मेवालीचं यंत्र नवे कागद काढू लागलं. पावणेनऊ टक्के, बदलता. मुदत दोनशे चाळीस. हप्ता सतरा हजार सहाशे चौऱ्याहत्तर. कर्जदार दोन. मी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. या वेळी कुणाच्या बाहीकडे बघितलं नाही.

माझ्या सह्या झाल्या. मग ताईचा अर्ज. चष्मेवाली तिच्या पगाराच्या पावतीवरून नाव आणि पत्ता उतरवून घेत होती. पावतीवर ताईच्या नावाखाली छापलं होतं द्वारा, म्हणजे कुणाच्या घरी राहते ते, आणि पुढे तिच्या भावाचं नाव. लहानपणापासून तिच्या प्रत्येक कागदावर ते असंच होतं. आधी द्वारा वडील, मग द्वारा भाऊ. त्याचं नाव सहा वर्षं कुणी बदललं नव्हतं, आणि बदलून काय लिहायचं हेही कुणाला माहीत नव्हतं.

अर्जातही द्वारा एवढा शब्द उतरवून चष्मेवालीने मान वर केली. "हे द्वारा आता कुणाचं लिहू? वहिनींचं?"

ताईने त्या ओळीवर बोट ठेवलं. "नव्या पत्त्यालाही ते लिहावं लागतं का?" तिने विचारलं.

"नाही. ज्याचं घर असतं त्याला नाही लागत."

"मग खोडा."

मी दुसरीकडे बघितलं, कारण मला रडू आलं होतं आणि आनंदही झाला होता, आणि घड्याळजी मला मिनिटं सांगत होता. चष्मेवालीने पट्टी लावून त्या शब्दावर एक बारीक रेघ ओढली. ताईने वाकून ती रेघ तपासली, चष्मेवालीकडून पेन मागून घेतलं आणि त्याच रेघेवरून दुसरी रेघ स्वतः ओढली.